बडग्या जळलाच नाही तर?

मला प्रश्न विचारणारे गृहस्थ नागपुरात त्रिमूर्तीनगरात राहतात. रात्रीची जेवणं आटोपली की ते, त्यांचे मोठे भाऊ आणि वहिनी टीव्हीपुढे बसतात. दोघा भावांनी ‘इट्स ऑलवेज सनी इन फिलाडेल्फिया’ ही अमेरिकन मालिका लावली. एक कळकट बार, तो चालवणारी पाच नालायक माणसं, आणि दर भागात त्यांनी कोणाचं ना कोणाचं केलेलं वाटोळं. मोठे भाऊ पोट धरून हसले. विचारणारे स्वतः अर्धे हसले, अर्धे ओशाळले. वहिनी तिसऱ्या भागात उठल्या आणि म्हणाल्या, ‘काय पाहून राहिले बाप्पा तुम्ही हे! एक तरी माणूस धड आहे का यात?’ गंमत अशी की याच वहिनी, ज्या मालिकेत सासू खिरीत विष कालवते, ती रोज न चुकता बघतात. तर नालायक माणसांवरच्या या काळ्या विनोदाच्या मालिका एकाच घरातल्या माणसांना अशा दोन टोकांना का नेतात? वहिनींना विनोद कळत नाही, की आम्ही दोघे बिघडलो आहोत?

मी विनोदी लिहून पोट भरतो. आधी एकांकिका, मग मुंबईत मालिकांच्या संहिता, आणि आता परत नागपुरात येऊन दुसऱ्यांच्या संहितांची डागडुजी. त्या अनुभवावरून सांगतो, दोन्ही शंका सोडून द्या.

आणि वहिनींना मोडीत काढू नका. तुमच्या प्रश्नातली सगळ्यात कामाची माहिती त्यांच्याकडूनच आली आहे. खिरीतलं विष त्यांना चालतं, बार चालत नाही. म्हणजे वाईटपणाचं त्यांना वावडं नाही. विष कालवणं हे त्या बारवाल्यांच्या बहुतेक उद्योगांपेक्षा मोठं पाप आहे. पण सासू विष कालवते तेव्हा ढोल वाजतो, कॅमेरा तिच्या कपाळावर तीनदा आदळतो, देवघरातला दिवा फडफडतो. मालिका ओरडून सांगत असते की बाई वाईट आहे, निर्धास्त राहा, हिचा हिशेब होणार आहे. होतोही, चारशे भागांनी का होईना. निवाड्याचं काम मालिकेनं अंगावर घेतलेलं असतं, म्हणून वहिनी मेथी निवडत निवडत बघू शकतात.

बारवाल्यांच्या मालिकेत ते काम कोणी करत नाही. पाच जण एखाद्याला बुडवतात, मागे जुन्या सिनेमातलं वाटावं असं गोड, हलकंफुलकं वाद्यसंगीत वाजतं, आणि भाग संपतो. कोणाचे डोळे उघडत नाहीत, कोणी माफी मागत नाही. मेथी बाजूला ठेवून निवाडा तुम्हालाच करावा लागतो.

इथल्या पोरांना शिकवताना मी मारबतीचा दाखला देतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे बाईच्या रूपातले मोठे पुतळे, निघतात आणि सोबत बडगे, म्हणजे टिंगलीचे पुतळे, निघतात. पुढारी, महागाई, साथीचा रोग, त्या वर्षी जे कोणी लोकांच्या मानगुटीवर बसलं असेल त्याचा बडग्या. गळ्यात शेलक्या ओळींची पाटी. महाल-इतवारीच्या गल्ल्यांतून लोक त्याला हसतात, शिव्या घालतात, ‘घेऊन जाय गे मारबत’ असा गजर करतात आणि शेवटी नेऊन जाळून टाकतात. सव्वाशेच्या वर वर्षं झाली या प्रथेला. त्या गर्दीत आजी आणि नातू एकाच दमात हसतात. असल्या ओंगळ माणसाची मिरवणूक काहून काढली, असं कोणी विचारत नाही, कारण शेवट सगळ्यांना ठाऊक असतो.

आता समजा, एका वर्षी बडग्या जाळलाच नाही. मिरवणूक संपली, तो उठला, अंगावरचे कागद झटकले, टपरीवर जाऊन तर्री-पोहे खाल्ले, आणि पुढच्या आठवड्यात परत तुमच्या गल्लीत हजर. नालायकांची सिटकॉम (विनोदी मालिका) म्हणजे हा न जळणारा बडग्या. काही जणांना ही कल्पनाच भन्नाट वाटेल. काही जण म्हणतील, ही काय थट्टा लावली आहे, काडी कोण लावणार? आणि काही जण, यांच्याकडे मी नंतर येतो, तो बडग्या आहे हेच विसरतील आणि त्याला हार घालतील.

ही काडी प्रेक्षकाच्या हातात कधी आली, ते बघायला थोडं मागे जावं लागतं. जुन्या सिटकॉममध्ये हशा असायचा. काही मालिका खऱ्या प्रेक्षकांसमोर चित्रित व्हायच्या, बाकीच्यांना हशा वरून चिकटवायचे. 1950 च्या दशकात चार्ल्स डग्लस या अमेरिकन ध्वनितंत्रज्ञानं त्यासाठी एक पेटीच बनवली होती. बटणं दाबली की हवा तसा हशा. या हशाला आपण नावं ठेवतो, पण तो दोन कामं करायचा. इथे हसा, हे एक. आणि हसलात तरी पाप नाही, सगळेच हसताहेत, हे दुसरं. इतवारीतली गर्दी जे काम करते तेच.

2001 मध्ये आलेल्या ब्रिटिश ‘द ऑफिस’नं ती गर्दी काढून टाकली. माहितीपट चालू आहे असं दाखवायचं, साहेब एक भयंकर विनोद करणार, आणि मग काही नाही. दोन-तीन सेकंद नुसती शांतता, ट्यूबलाइटचा उजेड, एखादा कर्मचारी कॅमेऱ्याकडे हळूच बघतो. रंगमंचावर माझ्या नटानं असा तीन सेकंद रिकामा पॉज घेतला तर मला विंगेत घाम फुटेल. पण त्या तीन सेकंदांतच प्रेक्षक फुटतो. काही जण त्यात फिस्सकन हसतात. काही जणांना साहेबाच्या वतीनं इतकी लाज वाटते की ते उशीत तोंड खुपसतात किंवा पाणी प्यायला उठतात. तुम्ही ‘अर्धा ओशाळलो’ लिहिलं आहे, ते बहुधा हे. त्याचा नीतिमत्तेशी फारसा संबंध नाही. काही माणसांना दुसऱ्याची फजिती स्वतःची वाटते, इतकंच. अशांनी ‘ऑफिस’ अर्धवट सोडलं म्हणून वाईट वाटून घेऊ नये.

शिक्षेचं प्रकरण जास्त मजेदार आहे. ‘फॉल्टी टॉवर्स’ घ्या. 1975 आणि 1979 मिळून अवघे 12 भाग. हॉटेलमालक बेसिल उद्धट, लोचट, खोटारडा आणि गरीब वेटरला बदडणारा. तरी ती मालिका भल्या घरांत आवडीनं बघितली जाते. कारण बेसिल जे खोटं रचतो ते त्याच भागात त्याच्याच डोक्यावर कोसळतं. अर्ध्या तासात बडग्या जळून राख. निवाडा मालिका बोलून दाखवत नाही, कथानकात करून मोकळी होते.

‘साइनफेल्ड’नं तेही नाकारलं. 1989 ते 1998, 180 भाग, न्यूयॉर्कमधली चार आपमतलबी माणसं. लेखकांच्या खोलीतला नियम प्रसिद्ध आहे: गळाभेटी नाहीत, शिकवण नाही. लोकांनी त्यांना नऊ वर्षं डोक्यावर घेतलं. आणि मग 14 मे 1998 चा शेवटचा भाग. चौघं एका गावात अडकतात, डोळ्यांदेखत एकाला लुटताना बघून मदतीऐवजी टिंगल करतात, आणि मदत न केल्याच्या कायद्याखाली त्यांच्यावर खटला चालतो. नऊ वर्षांत ज्यांचं ज्यांचं नुकसान केलं ते एकेक येऊन साक्ष देतात. चौघं तुरुंगात. अमेरिकेत साडेसात कोटींहून जास्त लोकांनी तो भाग बघितला आणि त्यांतले पुष्कळ जण जाम चिडले.

नालायकांना शिक्षा झाली म्हणून चिडले! वरवर बघता हा वेडेपणा वाटेल. पण लेखकाच्या बाजूनं बघा. नऊ वर्षं न्यायाधीशाची खुर्ची रिकामी ठेवली, प्रेक्षक तिच्यावर हळूहळू स्थिरावले, आणि शेवटच्या दिवशी लेखक येऊन म्हणाला, उठा, ती जागा माझी. शिवाय त्या साक्षीदारांच्या रांगेकडे बघून हसणाऱ्यालाही वाटणार की आरोपीच्या पिंजऱ्यात पाचवी जागा आपली आहे. वहिनींसारख्यांना हा शेवट पटला असता, पण त्या तर नऊ वर्षांपूर्वीच उठून गेल्या होत्या. तो भाग लिहिणाऱ्या लॅरी डेव्हिडनं 2024 मध्ये स्वतःच्या दुसऱ्या मालिकेच्या शेवटी परत खटला उभा केला, परत जुने दुखावलेले लोक साक्षीला आणले, आणि या वेळी पात्राला तांत्रिक मुद्द्यावर सोडून दिलं. 26 वर्षं माणसाच्या डोक्यात तो भाग घोळत होता. लेखकाची जात अशीच असते म्हणा.

आता हार घालणारे. यांच्यावर चक्क अभ्यास झाला आहे. 1971 मध्ये अमेरिकेत ‘ऑल इन द फॅमिली’ सुरू झाली. घरातला कर्ता पुरुष आर्ची बंकर कृष्णवर्णीयांना, ज्यूंना, बायकांना, सगळ्यांनाच नावं ठेवणारा; त्याच्याशी वाद घालायला उदारमतवादी जावई. निर्माते नॉर्मन लियर यांचा हेतू आर्चीचं हसं करायचा होता. 1974 मध्ये नील विदमार आणि मिल्टन रोकीच या अभ्यासकांनी अमेरिकेतल्या किशोरवयीन मुलांना आणि कॅनडातल्या प्रौढांना विचारून बघितलं. ज्यांच्या मनात मुळात पूर्वग्रह जास्त होते, त्यांना आर्चीच बरोबर वाटत होता आणि फजिती जावयाची होते आहे असं दिसत होतं. मजा दोन्ही बाजूंना येत होती. एकच दृश्य, एकच वाक्य, आणि कोणावर हसायचं ते प्रत्येक जण घरून ठरवून आला होता.

म्हणून वहिनींसारखी माणसं कधी कधी म्हणतात ना, की अशानं लोकांना वाईट वागायचा परवाना मिळतो, ती निव्वळ सोवळेपणाची तक्रार नसते. खुर्ची रिकामी ठेवली की तिच्यावर कोणीही बसू शकतं. आर्चीसुद्धा.

इथवर दुसऱ्यांचं सांगितलं. आता माझं, कारण यातलं खरं मर्म मला पुस्तकातून कळलं नाही, एका बटाट्यातून कळलं.

आमची एक एकांकिका होती. आईची तेरवी आटोपली आहे, मंडपवाला खुर्च्या गोळा करतो आहे, आणि स्वयंपाकघरात तीन भाऊ आईच्या पाटल्या वाटून घेत आहेत. सोनाराकडे जायची लाज वाटते, म्हणून धाकटा भाजीवाल्याचा तराजू मागून आणतो. वजनं नाहीत. मग एका पारड्यात पाटली आणि दुसऱ्यात तेरवीच्या भाजीतून उरलेला बटाटा. बटाटा जड भरतो. थोरला तो उचलतो, कच्चाच एक चावा घेतो, तुकडा थुंकतो, परत ठेवतो. अजून जड. परत चावा. तिसऱ्या चाव्याला काटा मध्यावर येतो आणि तिघं समाधानानं माना हलवतात. या सगळ्या वेळात बहीण मोरीशी बसून भांडी घासते आहे. सहा वर्षं आईचं केलं तिनं. तिला कोणी विचारत नाही. तिला संवाद एकच, तोही शेवटी.

पहिल्या प्रयोगात बहीण प्रेक्षकांकडे पाठ करून बसली होती. बटाट्याला असा हशा आला की थोरल्याला चावा घेऊन थांबावं लागलं. बहिणीचं काम करणारी मुलगी गुणी होती, तिनं तक्रार केली की वीस मिनिटं माझी पाठच दिसते. रास्त होती तक्रार. दुसऱ्या प्रयोगाला मी तिला वळवून बसवलं. तिला काही करायला सांगितलं नाही. भांडी घासायची आणि अधूनमधून भावांकडे बघायचं, बस. संवाद तेच, नट तेच, बटाटाही त्याच ठेल्यावरचा. पहिल्या चाव्याला थोडी खसखस पिकली. दुसऱ्या चाव्याला सभागृह गार. तिसऱ्याला मागच्या रांगेतून एक बाई मोठ्यानं म्हणाली, ‘मेले!’

मी प्रेक्षकांवर खापर फोडलं. कॉलनीतला गणपती, पोटभर जेवून आलेले लोक, लहान पोरांचा गोंधळ. दुसऱ्या कॉलनीत तेच झालं तेव्हा माझी ट्यूब पेटली. चौथ्या प्रयोगाला तिला परत पाठमोरी केली. हशा परत आला. आणि शेवटी ती वळून ‘बटाटा मले द्या, रात्रीच्या भाजीत टाकतो’ म्हणाली तेव्हा जी शांतता पसरली, ती आधीच्या कुठल्याच प्रयोगात मिळाली नव्हती.

पीटर मॅकग्रॉ आणि कॅलेब वॉरेन या अमेरिकेतल्या अभ्यासकांनी 2010 मध्ये मांडलेला एक विचार मी पुढे वाचला. हसू येण्यासाठी काहीतरी नियमाबाहेरचं घडावं लागतं, आणि त्याच क्षणी त्यातून कोणाचं खरं नुकसान झालेलं नाही असंही वाटावं लागतं. दोन्हींतलं एक निसटलं की हसू गेलं. बहिणीची पाठ दिसत होती तोवर दुसरी अट कशीबशी टिकून होती. चेहरा दिसला आणि ती तुटली.

थिएटरात हा चेहरा मी वळवू किंवा लपवू शकतो. टीव्हीवर ते एडिटरच्या हातात असतं: फसवल्या गेलेल्या माणसाचा रिअॅक्शन शॉट किती वेळ ठेवायचा, ठेवायचा की नाही. आणि घरी बसलेला प्रेक्षक आपापले चेहरे सोबत घेऊन येतो. पडद्यावर कोणी दिसलं नाही तरी ज्याच्या घरात खरोखर असा थोरला भाऊ होऊन गेला आहे, त्याला तो चेहरा दिसतोच. ज्याचं जळतं त्याला कळतं.

पण हा नियम सरसकट लावू नका. त्या चौथ्या प्रयोगानंतर साठीच्या एक बाई मेकअपच्या खोलीत आल्या. पहिल्या रांगेत बसून सगळ्यात जास्त त्याच हसल्या होत्या. म्हणाल्या, ‘माह्या घरी अस्संच झालं. फक्त बटाटा नव्हता, साखरेचा डबा होता. तुमाले कोनं सांगतलं?’ आणि परत हसायला लागल्या. जखम ओली आहे की सुकली आहे, यावर पुष्कळ अवलंबून असतं, आणि ते बाहेरून कोणालाच दिसत नाही. म्हणून ‘अगं, विनोद आहे तो’ हे वाक्य घरात कोणालाही ऐकवू नये. त्याहून कुचकामी वाक्य मराठीत नसेल.

आणखी एक अडचण आपल्याकडची म्हणून सांगतो. मराठीत विनोदाची सगळ्यात मोठी स्तुती कोणती? निखळ, निर्विष, कोणालाही न दुखावणारा. श्रद्धांजलीच्या भाषणात हे शब्द हमखास येतात. 2001 मध्ये सुरू झालेली ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ आपल्याला इतकी आवडली, त्यात या आवडीचा वाटा मोठा. घरातली सगळी माणसं मुळात गोड, चुका करणार, रात्री आजोबांच्या डायरीत सगळं निवळणार. मला ती मालिका प्रिय आहे. पण निर्विष हेच एक माप धरलं की विषारी विनोद आपोआप खालच्या दर्जाचा ठरतो, आणि हे आपल्याच परंपरेवर अन्यायाचं आहे. वऱ्हाडात वकिली करणाऱ्या श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी शंभर वर्षांपूर्वीच ‘सुदाम्याचे पोहे’ लिहिले. सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या हे त्रिकूट सगळ्या खुळचट रूढींची मनापासून तरफदारी करतं, लेखक मध्ये पडून त्यांना खोडून काढत नाही, आणि खुळेपणा आपोआप उघडा पडतो. खुर्ची तिथेही रिकामीच होती. आपण विसरलो, एवढंच.

हिंदीत ‘साराभाई वर्सेस साराभाई’ आली 2004 मध्ये. पहिल्या फेरीत टीआरपीनं साथ दिली नाही, आणि आता तिचे तुकडे घराघरांत फोनवर फिरतात. माया साराभाई सुनेला मध्यमवर्गीय म्हणून ज्या नजाकतीनं सोलते, तो वर्गद्वेषच आहे, त्याला दुसरं नाव नाही. तरी ती मालिका घर फोडत नाही, आणि त्याची कारणं कारागिरीत आहेत. एक तर त्या सुनेला, मोनिषाला, ते लागत नाही. माया बोलते, मोनिषा त्यातल्या पिशवीच्या किमतीवरच अडकलेली असते. दुसरं म्हणजे मायाचा नवरा इंद्रवदन. घरातच बसून तो मायाची रेवडी उडवत असतो, म्हणजे बडग्याला चटके द्यायला एक माणूस कायमचा नेमलेला. वहिनींबरोबर काही बघायचंच असेल तर इथून सुरू करा.

तुम्ही ज्या मालिकेपासून सुरुवात केली, ती त्यामानानं अवघड आहे. 2005 मध्ये तीन मित्रांनी अगदी क्षुल्लक खर्चात, घरगुती कॅमेऱ्यावर नमुन्याचा भाग बनवून ती सुरू केली. दुसऱ्या सीझनला डॅनी डेव्हिटो हा नामवंत नट आला. 2021 मध्ये 15 वा सीझन करून ती खऱ्या नटांच्या अमेरिकन सिटकॉममध्ये सर्वाधिक सीझन चाललेली मालिका ठरली. तिची गोम अशी की ते पाच जण सहसा जिंकतच नाहीत. बार कळकटच राहतो, पैसा हाती लागत नाही, दर कट त्यांच्याच हावरटपणानं फसतो. शिक्षा आहे, पण ती अशी की हे आहेत तसेच राहतात आणि आपण हरलो हे त्यांच्या गावीही नसतं. ही खूण दहा-बारा भाग बघितल्यावर पटते. तिसऱ्या भागात उठणाऱ्याला ती कशी दिसणार? आणि दहा भाग तग धरा असं कोणाला सांगायचा आपल्याला काय अधिकार?

त्यातही नागपूरचा मे महिना असेल तर बघायलाच नको. बाहेर 45 अंश, खिडकीत कूलरचा घरघराट, संवाद ऐकू येत नाहीत म्हणून सगळे सबटायटलवर. उपरोध असतो आवाजाच्या वळणात. खाली अक्षरं फक्त शिवी छापतात. कूलर बंद करून तोच भाग बघितला तर मालिका निम्म्यानं कमी क्रूर वाटते, हा माझा स्वतःचा अनुभव आहे. घामाची तयारी ठेवावी लागते.

अमेरिकन ‘ऑफिस’वाल्यांनी 2005 च्या पहिल्या छोट्या सीझननंतर वेगळी वाट धरली. साहेब तितकाच बोलघेवडा ठेवला, पण तो एकटा आहे, लोकांना आपण आवडावं म्हणून धडपडतो, आणि विक्रीच्या कामात खरोखर हुशार आहे, हे दाखवायला लागले. मालिका 2013 पर्यंत चालली आणि कुटुंबांनी एकत्र बसून बघितली. धंद्याच्या दृष्टीनं शहाणपणाचं होतं. मला मात्र ब्रिटिश साहेबच जास्त खरा वाटतो. हा माझा कल आहे, याला सिद्धांत समजू नका.

वहिनी सरळसरळ बरोबर असतात असेही प्रसंग आहेत. त्याच फिलाडेल्फियाच्या मालिकेत क्रिकेट नावाचं पात्र आहे. आधी पाद्री, या पाच जणांच्या नादी लागून धर्म सुटतो, मग रस्त्यावर येतो, आणि दर वेळी दिसतो तेव्हा आधीपेक्षा जास्त भाजलेला, मोडलेला. माझ्या ओळखीतले अर्धे लोक त्याला मालिकेचा कळस मानतात. मला चौथ्या-पाचव्या वेळेनंतर त्याच्यावर हसू येईना. लेखकांना त्याच्यात आता फक्त जखमांची नवी जागा शोधायची आहे असं वाटायला लागलं. आणि 2020 मध्ये त्या मालिकेचे पाच भाग स्ट्रीमिंगवरून काढून टाकले गेले, कारण त्यांत गोऱ्या पात्रांनी दुसऱ्या वर्णाच्या माणसांची सोंगं घेऊन चेहरे रंगवले होते. लेखकांचा बचाव होता तोच नेहमीचा: मूर्ख ही पात्रं आहेत, आम्ही नाही. तो खराही असेल. पण ज्याच्या आजोबांनी तसली सोंगं स्वतःची टवाळी म्हणून पाहिली, त्याला आधी रंगवलेला चेहरा दिसणार, हेतू नंतर.

माझ्याकडे संहिता येते तेव्हा मी समासात एकच प्रश्न लिहितो: ‘इथे कोणाला हसायचं?’ ज्या लेखकाकडे याचं उत्तर असतं त्याला मी कितीही काळं लिहू देतो. ‘सगळ्यांनाच हसायचं की सर’ म्हणणाऱ्याची संहिता परत जाते. अशी उत्तरं देणारे हल्ली पुष्कळ येतात. नालायक माणसं लिहिणं सोपं आहे असा त्यांचा समज असतो. खुर्ची मुद्दाम रिकामी ठेवणं वेगळं आणि खुर्ची आणायलाच विसरणं वेगळं, हे पडद्यावर दुसऱ्या मिनिटाला कळतं.

तेव्हा एक करून बघा. वहिनी ज्या भागात उठल्या तो भाग परत लावा, आवाज बंद करून, आणि त्या नेमक्या कुठल्या शॉटला उठल्या ते आठवून तिथे थांबवा. मोठ्या भावांना नसेल आठवत, तुम्हाला आठवेल, कारण तुम्ही अर्धेच हसत होता. पडद्यावर त्या पाच जणांपैकी कोणी नसेल असा माझा अंदाज आहे. कोपऱ्यात कोणीतरी सहावं माणूस असेल, कॅमेऱ्याकडे तोंड असलेलं.